ब्राझीलने चार क्रूझर मागवल्या, घरी पोचली एकच

३१ मे १८९८, क्युबाचं सँटियागो बंदर. बंदराच्या तोंडाशी आतल्या अंगाला स्पेनची क्रिस्तोबाल कोलोन ही क्रूझर उभी आहे आणि बाहेरून अमेरिकेच्या तीन युद्धनौका तिच्यावर आणि किनाऱ्यावरच्या तोफांवर मारा करतायत. त्या तिघींतली सगळ्यात लहान म्हणजे न्यू ऑर्लिन्स. आता या न्यू ऑर्लिन्सची आणि त्या कोलोनची जन्मपत्रिका काढून बघा. न्यू ऑर्लिन्स अडीच महिन्यांपूर्वी अमेरिकेची नव्हतीच, तिचं नाव अमेझॉनास होतं आणि ती ब्राझीलच्या आरमारासाठी इंग्लंडमधे न्यूकॅसलला बांधली होती. आणि कोलोन इटलीत जेनोआला बांधलेली, सुरुवातीला इटलीच्या आरमारासाठी ज्युसेप्पे गरिबाल्दी या नावाने, मग मधेच ती स्पेनला विकली गेली आणि तिच्या १० इंची मुख्य तोफा न बसवताच लढाईवर आली. म्हणजे ब्राझीलने मागवलेली बोट अमेरिकेच्या झेंड्याखाली, इटलीने मागवलेल्या आणि स्पेनचा झेंडा लावलेल्या बोटीवर गोळे टाकत होती.

मला आरमाराच्या इतिहासात हाच भाग सगळ्यात जास्त ओढतो, की जहाज मागवलं कोणी, बांधलं कोणी, पैसे कुठून आले आणि शेवटी ते गेलं कुणाकडे. लढाईची वर्णनं खूप सापडतात, पण ती लढाई त्या जहाजाच्या नशिबी आली कशी हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून ब्राझीलच्या या क्रूझरची गोष्ट जरा सविस्तर लिहितोय, मधेमधे तांत्रिक भाग येईल पण तो सोपा करून सांगतो.

आधी क्रूझर म्हणजे काय ते बघू. त्या काळात सगळ्यात मोठ्या लढाऊ बोटी म्हणजे बॅटलशिप, त्यांच्या अंगाला बाहेरून जाड पोलादी चिलखत असायचं, तोफा अवाढव्य, पण त्या जड, महाग आणि कोळसा खाणाऱ्या. सगळीकडे त्यांना पाठवणं परवडायचं नाही. मग व्यापारी जहाजांचं रक्षण करायचं, शत्रूची व्यापारी जहाजं पकडायची, लांबच्या बंदरात जाऊन झेंडा दाखवायचा, मोठ्या ताफ्याच्या पुढे जाऊन शत्रू कुठे आहे ते बघून यायचं, या सगळ्यासाठी मध्यम आकाराची, वेगवान, लांब पल्ल्याची बोट लागायची, तीच क्रूझर. अमेझॉनास आणि तिच्या बहिणी साधारण ३५० फूट लांब, साडेतीन हजार टनांच्या आसपास वजन आणि वेग २० नॉट, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर. आज हा वेग ऐकून काही वाटणार नाही पण कोळसा फावड्याने टाकून पाण्यातून तीन-साडेतीन हजार टन लोखंड या वेगाने ढकलायचं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

हा वेग कसा मिळायचा, तर ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन. नाव भारी आहे पण कल्पना रसवंतीवाल्याच्या चरकासारखी आहे. ऊस एकदा चरकातून काढला की त्यात रस उरतोच, म्हणून तोच ऊस दुमडून परत घालतात, मग परत. तसंच बॉयलरमधून आलेली वाफ आधी छोट्या सिलिंडरमधे जाते आणि तिथला दट्ट्या ढकलते, तिचा जोर थोडा कमी होतो, मग ती मधल्या आकाराच्या सिलिंडरमधे, मग सगळ्यात मोठ्या सिलिंडरमधे, कारण वाफ पसरत जाते तशी तिला जागा जास्त लागते. एकाच वाफेकडून तीनदा काम करून घेतलं म्हणजे तेवढ्याच कोळशात बोट जास्त लांब जाणार. अशी दोन इंजिनं आणि दोन पंखे, एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता यावं.

आता संरक्षण. या बोटींना म्हणतात प्रोटेक्टेड क्रूझर आणि या शब्दाने बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण वाटतं की हिच्या अंगावर चिलखत असणार, तर ते नसतंच. बाहेरच्या बाजूला जाड चिलखत लावायचं म्हटलं तर एवढ्याशा बोटीला ते वजन झेपत नाही, वेग मरतो. मग काय करायचं, तर बोटीच्या पोटात पाण्याच्या पातळीच्या आसपास एक पोलादी डेक घालायचा, मधे सपाट आणि दोन्ही कडांना खाली वाकलेला, अगदी कासवाच्या पाठीसारखा. या क्रूझरमधे तो मधे सव्वा इंच आणि उतारावर तीन इंच जाड होता. इंजिन, बॉयलर, दारूगोळ्याची कोठारं, सुकाणूची यंत्रं, म्हणजे ज्यांच्याशिवाय बोट मरते ते सगळं या पाठीच्या खाली. शत्रूचा गोळा बाहेरचा पातळ पत्रा फोडून आत आला तरी तो त्या तिरक्या पोलादावर आपटून वर घसरावा अशी योजना. वरचा भाग फुटेल, तिथली माणसं मरतील हे धरलेलंच होतं, आणि हे वाचताना मला दर वेळी थांबायला होतं कारण या डिझाइनमधे आधी इंजिन वाचवायचं ठरलेलं आहे. आणखी एक युक्ती म्हणजे कोळसा. कोळशाची कोठारं बाजूच्या भिंतींना लागून केलेली, म्हणजे तो कोळसा जळेपर्यंत ढालीचं कामसुद्धा करायचा. लांबच्या प्रवासानंतर कोठारं रिकामी झाली की तेवढी ढाल कमी.

तोफा सहा इंची सहा आणि ४.७ इंची चार, शिवाय छोट्या बऱ्याच. इंच म्हणजे नळीचं तोंड केवढं ते माप. या क्विक फायरिंग जातीच्या होत्या, म्हणजे तोफ उडाली की धक्क्याने मागे जाते आणि आपोआप परत जागेवर येते, मागचा दरवाजा पटकन उघडतो, नवा गोळा घाला आणि उडवा. आधीच्या तोफांना प्रत्येक वेळी परत जागेवर ढकलून नेम धरायला लागायचा. या एका सुधारणेने छोट्या क्रूझरची किंमत वाढली, कारण मोठी बोट एक गोळा टाकेपर्यंत ही चार-पाच टाकून मोकळी.

आणि मग येतो माझ्या दृष्टीने सगळ्यात सुंदर भाग, बोटीचा तळ. गरम समुद्रात लोखंडी बोट उभी राहिली की तळाला शेवाळ, शंख-शिंपले, किडे असा थर चढतो, कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा, बोट वर ओढून खरवडावीच लागते नाहीतर इंजिन जोर लावतं आणि बोट पळत नाही. मोठ्या क्रूझरला वर ओढायचं तर कोरडी गोदी पाहिजे, म्हणजे बोट आत घेऊन पाणी उपसून काढता येईल अशी गोदी, आणि ती प्रत्येक बंदरात नसते. यावर जुना उपाय म्हणजे तांबं. तांब्याच्या पत्र्यावर हे जीव टिकत नाहीत, लाकडी जहाजांच्या काळापासून हे माहीत होतं. पण पोलादी बोटीला थेट तांबं ठोकलं तर वेगळीच अडचण, खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले की त्यांची एक बॅटरीच तयार होते आणि लोखंड भराभर खाल्लं जातं. घरात तांब्याच्या पाईपला लोखंडी जोड दिला तर तो लवकर सडतो, चांगला प्लंबर हे सांगतोच. मग या क्रूझरच्या पोलादावर आधी लाकडाचा थर आणि त्या लाकडावर तांब्याचा पत्रा, म्हणजे दोन धातूंचा एकमेकांना स्पर्शच नाही. अशा कामाला सागवान उत्तम मानायचे, आणि इथे सहज आठवलं म्हणून सांगतो, मुंबईच्या वाडिया कुटुंबाने १८१७ मधे सागवानी बांधलेली ट्रिंकोमाली नावाची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, आज हार्टलपूलला जपून ठेवलीय, न्यूकॅसलपासून ते गाव फार लांब नाही. तर ही लाकूड आणि तांब्याची गादी ब्राझीलसारख्या गरम समुद्रात राहणाऱ्या आरमाराचा विचार करून घातलेली होती, हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

हे सगळं बांधलं आर्मस्ट्राँग कंपनीने. विल्यम आर्मस्ट्राँग मूळचा वकील, पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या नादाने इंजिनियर झाला, १८४७ मधे न्यूकॅसलजवळ टाईन नदीकाठी एल्सविकला कारखाना काढला, आधी हायड्रॉलिक क्रेन, मग तोफा, आणि १८८४ पासून एल्सविकला जहाजबांधणीची गोदी. एकाच काठावर पोलादाचं काम, तोफा आणि जहाज, म्हणजे गिऱ्हाईक येऊन पूर्ण तयार युद्धनौका घेऊन जाऊ शकत होतं, असं जगात फार कमी ठिकाणी होतं. अडचण एकच, एल्सविकची जागा नदीच्या वरच्या अंगाला आणि खाली न्यूकॅसलचा जुना दगडी पूल, कमानी इतक्या बुटक्या की मोठं जहाज जाऊच शकत नाही. तो पूल पाडला आणि त्या जागी गोदीच्या आधीच, १८७६ मधे, स्विंग ब्रिज उघडला, आर्मस्ट्राँगच्याच हायड्रॉलिक यंत्रांवर अख्खा पूल मधल्या खांबावर गोल फिरायचा आणि जहाजाला वाट द्यायचा. एल्सविकची प्रत्येक क्रूझर या वाटेने समुद्रात गेली. १८८३ मधे याच कंपनीने चिलीसाठी एस्मेराल्दा बांधली होती, आधुनिक प्रोटेक्टेड क्रूझर म्हणजे काय ते तिने जगाला दाखवलं आणि त्यानंतर चिली, जपान, चीन, इटली, अर्जेंटिना असं गिऱ्हाईक लागत गेलं. एल्सविक क्रूझर हा शब्दच रूढ झाला. ब्राझीलच्या या बोटींचं डिझाइन तिथल्याच फिलिप वॉट्सचं, जो पुढे ब्रिटिश आरमाराची ड्रेडनॉट ही बॅटलशिप डिझाइन करणार होता, तिच्यावरून नंतर तशा सगळ्या बॅटलशिपना ड्रेडनॉटच म्हणायला लागले.

बरं, पण ब्राझीलने बाहेरून का बांधून घेतल्या? त्यांच्याकडे गोदी नव्हती असं नाही. रिओ द जानेरोच्या आरमारी गोदीत तमांदारे नावाची साधारण साडेचार हजार टनांची क्रूझर बांधली होती, १८९० मधे पाण्यात सोडली. पण पोलाद, चिलखत, तोफा, इंजिनाचे भाग हे देशात तयार होत नसेल तर बाहेरून मागवायचे, जुळवायचे, आणि तोपर्यंत डिझाइन जुनं होतं. त्या पंधरा-वीस वर्षांत जहाजाचं तंत्र इतकं भराभर बदलत होतं की हळू बांधलेली बोट तयार होते तेव्हाच म्हातारी असायची. त्यामुळे फ्रान्समधे बेंजामिन कॉन्स्टंट, इंग्लंडमधे रिपब्लिका, जर्मनीत टॉर्पेडो क्रूझर, असं जिथे जे चांगलं मिळेल तिथून घेणं चाललं होतं.

आणि दुसरं कारण जास्त दुखरं आहे. ब्राझीलमधे १५ नोव्हेंबर १८८९ ला सम्राटाची सत्ता गेली आणि प्रजासत्ताक आलं, ते सैन्याने आणलेलं. आरमारातले बरेच अधिकारी या नव्या राज्यकर्त्यांवर नाराज होते. ६ सप्टेंबर १८९३ ला अॅडमिरल कुस्तोदिओ दे मेलोच्या नेतृत्वाखाली रिओच्या उपसागरात आरमाराने राष्ट्राध्यक्ष फ्लोरियानो पेशोतोविरुद्ध बंड केलं, ताफ्यातल्या सगळ्यात बलवान बोटी बंडखोरांकडे, आक्विदाबा ही बॅटलशिप त्यांच्याकडे, ती घरची तमांदारेसुद्धा त्यांच्याकडे. देशाचं आरमार राजधानीवर तोफा रोखून महिनोन् महिने उभं होतं, किल्ल्यांशी गोळीबार चालू होता. सरकारकडे जहाजंच उरली नाहीत, मग त्यांनी न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्लिंट नावाच्या व्यापाऱ्याला सांगून मिळेल ते विकत घ्यायला लावलं. एल सिड नावाचं व्यापारी जहाज घेतलं, त्याला नितेरॉय नाव दिलं, त्याच्यावर दाबलेल्या हवेने डायनामाइट फेकणारी तोफ बसवली. बंड मार्च १८९४ मधे रिओत कोसळलं आणि एप्रिलमधे सरकारी टॉर्पेडो बोटीने आक्विदाबाला टॉर्पेडो मारून उथळ पाण्यात बसवलं. स्वतःच्याच सगळ्यात चांगल्या बोटीला स्वतःच टॉर्पेडो मारायची वेळ आली, एखाद्या आरमाराच्या वाट्याला याहून वाईट काय यावं. त्यात १८९३ मधेच, बंडाच्या काही महिने आधी, आल्मिरांते बारोसो नावाची त्यांची जुनी क्रूझर जगप्रवासाला निघालेली असताना लाल समुद्रात किनाऱ्याला लागून फुटली होती.

म्हणून मग नवीन आरमार उभं करायचं ठरलं आणि एल्सविकला एकाच नमुन्याच्या क्रूझरची ऑर्डर गेली. नावं नीट बघा, कारण नावांत भावना आहे. पहिली आल्मिरांते बारोसो, लाल समुद्रात गेलेल्या बोटीचं नाव परत. बारोसो म्हणजे तो अॅडमिरल ज्याने ११ जून १८६५ ला पाराग्वेविरुद्ध रियाशुएलोची नदीवरची लढाई जिंकून दिली. आणि त्या दिवशी तो ज्या चाकांच्या वाफेच्या फ्रिगेटवर उभा होता, जिने पाराग्वेच्या बोटींना सरळ धडका मारून बुडवलं, तिचं नाव अमेझॉनास. म्हणजे अॅडमिरल आणि त्याचं जहाज अशी ही जोडी. शिवाय आल्मिरांते अब्रेउ नावाची तिसरी. आणि याच नमुन्याची आणखी एक, जी तयार होत असतानाच चिलीने विकत घेतली कारण चिली आणि अर्जेंटिनाचा अँडीजमधल्या सीमेवरून वाद पेटलेला आणि दोघेही हाताला लागेल ती युद्धनौका घेत होते. ती झाली मिनिस्त्रो झेंतेनो. अशी पहिली गेली. बारोसो ऑगस्ट १८९६ मधे पाण्यात उतरली, १८९७ मधे ब्राझीलच्या सेवेत दाखल झाली, आणि तीच एकटी घरी पोचली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. आपल्याला वाटतं देशाने युद्धनौका मागवली म्हणजे ती त्या देशाची. तसं नसतं. हप्त्या-हप्त्याने पैसे जातात, गोदीत काम पुढे सरकतं, आणि आपले खलाशी चढून झेंडा लागेपर्यंत ती बोट म्हणजे एका खाजगी कंपनीच्या अंगणात पडलेला महागडा माल असतो. हप्ते देताना ओढाताण व्हायला लागली की मालाला गिऱ्हाईक शोधायला वेळ लागत नाही. आणि ब्राझीलची ओढाताण तर जोरात सुरू होती. देशाची कमाई कॉफीवर, साओ पावलोत लागवड इतकी वाढली की १८९० च्या दशकाच्या मधे भाव कोसळले. चलन मिलरेइस १८८९ मधे साधारण २७ पेन्सला होतं, ते १८९८ मधे ७ पेन्सच्या आसपास आलं. आता एल्सविकचं बिल तर पौंडात, म्हणजे जहाजाची किंमत कागदावर तेवढीच पण ब्राझीलच्या तिजोरीतून जाणारे पैसे जवळजवळ चौपट. डॉलर वाढला की परदेशी शिकणाऱ्या पोराच्या फीचं काय होतं ते ज्या घराने भोगलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात बाहियातल्या कानुदोसचं युद्ध १८९७ मधे संपलेलं, त्याचा खर्च. जून १८९८ मधे ब्राझीलला लंडनच्या रॉथशिल्डकडून फंडिंग लोन घ्यावं लागलं, म्हणजे जुन्या कर्जाचं व्याज भरायलाच नवीन कर्ज, आणि तारण म्हणून रिओच्या जकातीचं उत्पन्न.

अशा वेळी १५ फेब्रुवारी १८९८ ला हवाना बंदरात अमेरिकेची मेन ही बॅटलशिप स्फोटात बुडाली. स्पेनशी युद्ध होणार हे दिसायला लागलं. ९ मार्चला अमेरिकन काँग्रेसने संरक्षणासाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले आणि अमेरिकेची माणसं युरोपभर तयार जहाजं शोधत फिरायला लागली. स्पेनसुद्धा तेच करत होता. त्यामुळे प्रत्येक तयार बोटीला दुहेरी किंमत आली, आपल्याला मिळावी ही एक आणि शत्रूला मिळू नये ही दुसरी. न्यूकॅसलला अमेझॉनास पूर्ण तयार आणि अब्रेउ अजून अर्धवट. १६ मार्चला अमेरिकेने दोन्ही घेतल्या. १८ मार्चला टेम्स नदीवर ग्रेव्हसेंडला अमेझॉनासवर अमेरिकेचा झेंडा लागला आणि तिची न्यू ऑर्लिन्स झाली. २७ मार्चला ती सॅन फ्रान्सिस्को या अमेरिकन क्रूझरच्या सोबतीने निघाली, १३ एप्रिलला न्यूयॉर्कला पोचली, आणि एप्रिल संपायच्या आत युद्ध जाहीर झालं. निघायला महिनाभर उशीर झाला असता तर ती इंग्लंडमधेच अडकली असती.

का अडकली असती? कारण अब्रेउ खरोखर अडकली. अमेरिकेने तिचे पैसे दिलेले, नाव आल्बनी ठरलेलं, पण युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटन तटस्थ, आणि तटस्थ देशाने लढणाऱ्या कुठल्याही बाजूला आपल्या गोदीतून युद्धनौका तयार करून द्यायची नाही हा नियम. शांततेच्या काळात खाजगी कंपनी कुणालाही बोट विकू शकते, युद्ध जाहीर झालं की त्या क्षणापासून फाटक बंद. हा नियम इतका कडक कशामुळे झाला बघा. १८६२ मधे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बंडखोरांनी इंग्लंडमधे बर्कनहेडला आलाबामा नावाची बोट बांधून घेतली आणि तिने उत्तरेच्या व्यापारी जहाजांची दाणादाण उडवली. अमेरिकेने ब्रिटनवर नुकसानभरपाईचा दावा लावला, १८७२ मधे जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला दीड कोटीहून जास्त डॉलर भरायला लावले. दरम्यान १८७० मधे ब्रिटनने आपला कायदाच कडक केला होता. म्हणजे जो नियम अमेरिकेच्या तक्रारीमुळे धारदार झाला त्यानेच १८९८ मधे अमेरिकेची बोट न्यूकॅसलला धरून ठेवली. आल्बनी १८९९ च्या सुरुवातीला पाण्यात उतरली आणि मे १९०० मधे अमेरिकेच्या सेवेत आली, तोपर्यंत युद्ध कधीच संपलं होतं.

न्यू ऑर्लिन्सने मात्र लगेच आपली किंमत दाखवली. तिच्या तोफांची दारू कॉर्डाइट, बिनधुराची. अमेरिकेच्या बाकीच्या बहुतेक बोटी अजून जुनी धुराची दारू वापरत होत्या, एक फैर झाडली की जहाज स्वतःच्याच ढगात हरवायचं आणि धूर विरेपर्यंत तोफेवरच्या माणसाला नेम दिसायचा नाही. ब्राझीलसाठी बांधलेल्या बोटीवर हे नवं तंत्र आधी होतं आणि अमेरिकेच्या स्वतःच्या बॅटलशिपवर नव्हतं, यावरून एल्सविकचा माल किती पुढचा होता ते कळतं. पण परक्याच्या मापाचं जहाज घेतल्याचा त्रासही आहेच, या तोफांचे गोळे इंग्लिश बनावटीचे, अमेरिकेच्या कोठारातला एकही गोळा त्यात बसत नाही, म्हणजे बोटीबरोबर दारूगोळाही विकत घ्यायचा आणि तो संपला की काय हा प्रश्न. शेवटी पुढच्या दशकात त्यांनी दोन्ही बोटींच्या तोफा काढून आपल्या पाच इंची तोफा बसवल्या. आणि ३ जुलैला सँटियागोची मुख्य लढाई झाली, स्पेनचा तिथला अख्खा ताफा संपला, कोलोनसुद्धा गेली, तेव्हा न्यू ऑर्लिन्स कोळसा भरायला फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ बंदराकडे गेलेली होती. कोळशावरच्या आरमाराचं हेच आहे, कुणीतरी नेहमी कोळशाला गेलेलं असतं.

त्याच जुलैमधे अमेरिकेने ब्राझीलकडून आणखी एक जहाज घेतलं, ते म्हणजे तेच नितेरॉय, जे पाच वर्षांपूर्वी ब्राझीलने न्यूयॉर्कहून नेलं होतं. आता त्याचं नाव बफेलो. ब्राझीलने घाईत, गरजेत आणलेलं जहाज पाच वर्षांत होतं तिथे परत.

मला ब्राझीलबद्दल इथे मनापासून वाईट वाटतं. त्यांना चांगली बोट कुठली ते कळत नव्हतं असं मुळीच नाही, त्यांची निवड उत्तम होती, इतकी उत्तम की दुसऱ्यांनी झडप घालून नेली. पुढे १९१० मधे त्यांनी एल्सविकहूनच मिनास जेराइस ही ड्रेडनॉट आणली, तेव्हा ती जगातल्या सगळ्यात ताकदवान युद्धनौकांपैकी एक होती. पण त्या बोटीवरच्या काळ्या आणि गरीब खलाशांना अजून चाबकाने मारलं जायचं, गुलामगिरी १८८८ मधे संपलेली असूनही. नोव्हेंबर १९१० मधे एका खलाशाला २५० फटके मारल्यावर जुआव कांदिदोच्या नेतृत्वाखाली खलाशांनी त्याच नव्या बोटी ताब्यात घेऊन चाबूक बंद करा म्हणून रिओवर तोफा रोखल्या. यातले काही जण बोट आणायला न्यूकॅसलला राहून आलेले होते, तिथल्या कामगारांना संघटित होताना बघून आलेले. पोलाद, इंजिन, तोफा सगळं विसाव्या शतकातलं आणि खलाशाला वागवायची रीत मळ्यावरची, हे एका जहाजावर किती दिवस राहणार होतं? आणि तिसरी ड्रेडनॉट रिओ द जानेरो, तिचीही तीच कथा, एल्सविकला बांधत असताना कॉफी आणि रबराचे भाव पडले, १९१३ च्या शेवटी तुर्कस्तानला विकली, आणि तुर्की खलाशी ती न्यायला येऊन थांबलेले असताना ऑगस्ट १९१४ मधे ब्रिटनने ती स्वतःच ठेवून घेतली.

आपल्याकडेही याच नदीवरची एक बोट आहे, होती म्हणायला पाहिजे. आर्मस्ट्राँग कंपनी पुढे व्हिकर्सबरोबर एक झाली, आणि त्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगने टाईनवर दुसऱ्या महायुद्धात हर्क्युलिस नावाची विमानवाहू बोट ब्रिटिश आरमारासाठी सुरू केली. युद्ध संपलं, बोट अर्धवट पडून राहिली, १९५७ मधे भारताने घेतली, बेलफास्टला पूर्ण झाली आणि १९६१ मधे विक्रांत म्हणून सेवेत आली. मुंबईत ती म्युझियम म्हणून उभी होती तेव्हा ज्यांनी बघितलीय त्यांना आठवेल. २०१४ मधे दारूखान्याच्या जहाजतोडणीच्या गोदीत तोडायला घेतली. दुसऱ्या देशासाठी सुरू झालेली बोट आपली होऊन किती जिव्हाळ्याची होऊ शकते हे आपण बघितलंय, तसं अमेझॉनासचं अमेरिकेत काही झालं नाही, त्यांच्याकडे लवकरच याहून मोठ्या क्रूझर भरपूर झाल्या.

बारोसो ब्राझीलच्या सेवेत १९३१ पर्यंत राहिली. तिच्या दोन अमेरिकन बहिणी फिलिपिन्सला गेल्या, चीनच्या किनाऱ्याला गेल्या, अमेरिकेच्या लांबच्या ठाण्यांवर जुन्या होत गेल्या आणि १९३० मधे भंगारात विकल्या. त्याआधी रशियातली यादवी चालू असताना त्यांना व्लादिवोस्तोकला पाठवलं होतं, जिथे हिवाळ्यात बंदरातलं पाणी गोठतं. विषुववृत्ताच्या समुद्रातलं शेवाळ चिकटू नये म्हणून ज्या बोटींच्या तळाला एल्सविकच्या कामगारांनी लाकूड आणि त्यावर तांबं ठोकलं होतं, त्या अमेझॉनास आणि आल्मिरांते अब्रेउ शेवटी त्या बर्फाळ बंदरात नांगर टाकून उभ्या होत्या.